नलिनीबाईंची खाडी

नलिनीबाईंनी पहिल्याच भेटीत मला काचघरातून हाकलून दिलं होतं, आणि त्यात त्यांची चूक होती असं मी आजही म्हणेन.

जर्मनीतल्या येनाला येऊन मला तेव्हा दोन महिने झाले होते. आमची मंडळी वारली, तसा मुलगा महेश मला इकडे घेऊन आला. तो इथे भिंगांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. दिवसभर तो आणि सूनबाई कामावर, नात शाळेत. घरात मी आणि हीटर. म्हणून मी चालत सुटायचो. डिसेंबरात असंच एका दुपारी टेकडीच्या पायथ्याशी जुन्या रोपवाटिकेचं काचघर दिसलं. काचांवर आतून वाफ धरली होती. दार ढकललं, तर तोंडावर उबदार, खारट, थोडा कुजकट वास आला. माझी साठ वर्षं त्या वासात गेली आहेत. मी डोक्यावरची टोपी काढली.

आत केळी होती, पानवेली होती, आणखी कसली कसली झाडं होती. सगळ्यांच्या मागे एक लांबट हौद. त्यात चिखल, चिखलावर गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्यात मुळांच्या कमानी टेकून कांदळ उभं! शेजारी तिवर, दोन्ही आमच्या कोकणातल्या खाड्यांची झाडं. बाहेर बर्फ पडतंय आणि इथे तिवर. मी काय करणार? एक पान तोडलं आणि जिभेवर ठेवलं.

मागून कोणीतरी जर्मनमध्ये किंचाळलं. वळून बघतो तर एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई, अंगात माळ्याचा हिरवा एप्रन, गळ्यात काळ्या दोरीला भिंग लटकवलेलं. तोंडाचा पट्टा चालूच. मी आपला पुटपुटलो, "ओरडते कशाला एवढी, चोरी केली का तुझी?"

"एका पानाची केलीत," बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "आणि अगं-तुगं करू नका. आल्झो, म्हणजे काय, वाचता येतं का? हात लावू नये असं लिहिलंय तिथे."

"ते जर्मनमध्ये लिहिलंय."

"चाटू नये, असं मात्र कुठल्याच भाषेत लिहायची वेळ आली नव्हती आजवर."

माझी चूक झाली असं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पान माझ्या तोंडात होतं. मी म्हटलं, "पानाला मीठ नाही. तिवराच्या पानाला मीठ नाही, म्हणजे तुमचं पाणी खोटं आहे."

"पुरावा?"

"ही जीभ."

"मग ती जीभ घेऊन बाहेर व्हा."

झालो बाहेर. पण जाताना घरचा फोन नंबर तिथल्या वहीत लिहून ठेवला, आणि खाली लिहिलं, 'पाणी खोटं.' माझं शिक्षण चौथी. पण एवढं लिहायला पुरतं.

पाच आठवड्यांनी फोन वाजला. नमस्कार नाही, नाव नाही. "तांडेल, या. चाटायला या."

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. हे नाव त्यांनी मला तेव्हा दिलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. मी गेलो. बाईंनी गळ्यातलं भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि तिवराचं पान उलटं करून दाखवलं. पानावर मिठाचे बारीक खडे साखरेसारखे चमकत होते. मुळं कुजतील या भीतीने त्या इतकी वर्षं पाण्यात मीठ कमी घालत होत्या. पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षाही कमी. माझ्या बोलण्यावर त्यांनी ते हळूहळू वाढवलं, रोज मोजलं, वहीत मांडलं, आणि मगच फोन केला. तुमचं बरोबर होतं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आता तोडा. एकच."

मी तोडलं. खारट होतं.

बाई मूळच्या पुण्याच्या. इथे आल्या तेव्हा हा देश दोन होता, आणि येना भिंतीच्या अलीकडच्या देशात होतं. कांदळावर प्रबंध लिहायला शिष्यवृत्तीवर आल्या, आणि केलर नावाच्या भिंगं घासणाऱ्या माणसाशी लग्न करून इथेच राहिल्या. शाळेत तीस-पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. नवरा गेला. गळ्यातलं भिंग त्याच्या हातचं. निवृत्त झाल्यावर हे काचघर चालवणाऱ्या मंडळात, म्हणजे फेराइनमध्ये, त्या शिरल्या आणि मागचा हौद मागून घेतला. त्यातलं एकूण एक झाड त्यांनी शेंगेपासून वाढवलेलं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब शेंग लोंबते, आणि मग ती सुटून चिखलात उभी रुतते. बाई म्हणायच्या, "बाळंतपण करून, पायावर उभं करून, मग घराबाहेर काढतं हे झाड. पुण्यात एवढं कोणी करत नाही."

मास्तरकी अंगात मुरलेली. रोज आत आल्या की हजेरी. पहिलं कांदळ, दुसरं कांदळ, तिवर, चिपी, कोपऱ्यातली काटेरी मारांडी. प्रत्येकाची नवी पानं मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. एखाद्याचं पान गळलं तर "आज हा आजारी" असा शेरा. एप्रनच्या खिशात कात्री, सुतळी आणि आल्याच्या गोळ्या. गोळी मागितली तर द्यायच्या नाहीत. न मागता बसलं तर हातावर ठेवायच्या. शाळेची मुलं बघायला आली की हौदाच्या कडेला पांढरी रेघ होती, तिच्या पुढे पाऊल टाकलं तर त्यांची धडगत नसे. एका पोराने बोट चिखलात घातलं, तर त्याला बाहेर बर्फात उभं करून हात धुवायला लावले. "चिखल आहे म्हणून काय झालं?" मला म्हणाल्या. "तो कोणाचा तरी आहे."

आणि कशालाही 'पुरावा?' विचारायच्या. मी म्हणायचो, बाई, उद्या पाऊस येणार. पुरावा? सूनबाईने सुरमईचं कालवण चांगलं केलं होतं. पुरावा? मग मला डबा आणावा लागायचा. डबा उघडून आधी भिंगातून बघायच्या, मग खायच्या. जातीने ब्राह्मण, पण काट्यासकट डोकं चोखायच्या. मी म्हटलं, "हे कुठे शिकलात?"

"तुमच्याच बाजूला. खाडीवर. डोकं खाल्लं नाही तर जेवायला वाढणाऱ्या बाईला राग यायचा."

आमची खाडी रत्नागिरीच्या दक्षिणेला आहे. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक फोटो काढायला येतात. बाई कॉलेजात असताना तिथून दोन खाड्या अलीकडे आल्या होत्या, असं हळूहळू कळलं. एकदा त्या सहज म्हणाल्या, "तांडेल, मी कांदळावर जर्मनमध्ये दोनशे पानं लिहिली आहेत. पण कांदळात प्रत्यक्ष किती दिवस चालले, माहीत आहे? अकरा."

मला वाटलं, अकरा वर्षं म्हणत असतील.

"अकरा दिवस. दोन हिवाळे मिळून. मुलगी एकटी खाडीत जाणार कशी? कॉलेजचे सर होडीत बसून राहायचे, छत्री धरून, आणि मी चिखलात. पाच वाजले की, 'चला, पुरे.' आठव्या दिवशी एक फाटा दिसला होता, आत वळणारा. म्हटलं, सर, जाऊन येते. म्हणाले, उद्या. उद्या पाहुणे आले. मग इकडेच आले मी."

"पुण्याला जात होता ना मधे मधे?"

"सात वेळा गेले. दोन लग्नं, दोन मरणं, तीन दवाखाने. खाडी कोणाच्या पत्रिकेत नव्हती."

हे त्यांनी हसून सांगितलं. सांगून झाल्यावर मात्र तिवराची पानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. आताच मोजून झाली होती.

आता भरतीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

हौदात दिवसातून दोनदा पंपाने पाणी चढायचं आणि उतरायचं. रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ. मी म्हटलं, "बाई, ही भरती आहे की सरकारी ऑफिस?"

"का? बारा तासांनी पाणी येतं. गेनाऊ, अगदी तसंच आहे."

"भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. ती चंद्राचं ऐकते. तुमच्या घड्याळाचं नाही."

"ते मला ठाऊक आहे, तांडेल. प्रबंध लिहिलाय मी. पण रोजची वेळ कोण काढणार?"

"मी."

"कशावरून?"

"तिथीवरून. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता आमच्या खाडीत पाणी पूर्ण. अष्टमीला सहा वाजता. झालं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "पुरावा?"

त्यांनी घरी जाऊन कॉम्प्युटरवर रत्नागिरीच्या भरतीचं पुढच्या महिन्याचं वेळापत्रक काढलं. मी इकडे कालनिर्णय बघून कागदावर माझं काढलं. शुक्रवारी दोन्ही कागद शेजारी ठेवले. कुठे दहा मिनिटं, कुठे वीस, एका ठिकाणी अर्धा तास फरक. अर्ध्या तासाचं मी म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर चुकला असेल. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठल्या आणि काचघरातली एकुलती एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. तोवर मी बादलीवर बसत होतो.

त्या दिवसापासून आमच्या गावची भरती येनात यायला लागली. पंपाला एक तबकडी होती, पाव-पाव तासाच्या बारीक खुंट्या असलेली. जेवढ्या खुंट्या आत दाबाल तेवढा वेळ पाणी चढणार. मी रोज जाऊन त्या सरकवायचो. महेश विचारायचा, "बाबा, एवढ्या थंडीत रोज जाता तरी कुठे?" मी सांगायचो, "भरती लावायला." त्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण बाईंकडे काम अगदी पक्कं होतं. पाणी चढायला लागलं की त्या वहीतून मान वर काढून विचारायच्या, "आत्ता तुमच्याकडे काय चाललं असेल?" आणि मी सांगायचो. आता होड्या बांधावरून सुटल्या असतील. आता कालवं काढणाऱ्या बायका गुडघाभर पाण्यातून परत फिरल्या असतील, टोपल्या डोक्यावर. आता चिपीच्या झाडाखाली खेकडे वर चढले असतील. बाई ऐकायच्या आणि पेन्सिल तशीच हातात राहायची.

मार्चात एक गडबड झाली. या देशात मार्च संपताना सगळे लोक आपापली घड्याळं एक तास पुढे करतात. मी माझं मनगटावरचं घड्याळ पहिल्यापासून गावच्या वेळेवर ठेवलेलं. ते मी कोणासाठी हलवत नाही. त्या रविवारी मी सकाळी जाऊन माझ्या हिशोबाने खुंट्या दाबल्या. दुपारी बाई आल्या. त्यांना वाटलं, हा अडाणी माणूस तास बदलायचा विसरला. त्यांनी त्यांच्या खुंट्या दाबल्या. माझ्या काही काढल्या नाहीत. सोमवारी हौद भरून पाणी बाहेर आलं, पांढरी रेघ ओलांडली, आणि शेजारच्या खोलीतल्या निवडुंगांच्या मुळांशी जाऊन बसलं. खारं पाणी! चाळीस-पन्नास कुंड्या.

फेराइनचा अध्यक्ष लालबुंद होऊन आला. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, चूक माझी. मला भाषा कळत नव्हती, पण छातीवर हात ठेवलेला कळला. तो गेल्यावर मी म्हटलं, "खोटं कशाला बोललात? आपण दोघांनी केलं ते."

"तुमची चूक होती हे कबूल करताय?"

"नाही. घड्याळ त्यांनी बदललं. पाण्याने कुठे बदललं?"

"मग गप्प बसा आणि कुंड्या उचला." चार दिवस आम्ही दोघं निवडुंगांची मुळं गोड्या पाण्याने धूत होतो. हाताला काटे. बाई भिंगाने माझ्या बोटातले काटे शोधायच्या आणि चिमट्याने काढायच्या, मोजत. सदतीस निघाले म्हणाल्या. मला विश्वास नाही.

त्याच वर्षी पावसाळा सरताना, म्हणजे तिकडचा पावसाळा, मी त्यांना म्हटलं, "जानेवारीत मी गावी जातोय. चला."

"कुठे?"

"खाडीत. बारावा दिवस करू. तेरावा, चौदावाही करू. मी होडीत छत्री धरून बसणारा माणूस नाही. फाट्यात शिरायचं तर शिरू."

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या रबरी बूट घेऊन. गुडघ्यापर्यंतचे, पिवळे.

मी हसलो. "हे बूट खाडीत जातील आणि तुम्ही वर राहाल. चिखल बूट धरून ठेवतो. बुटातून पाय वर येतो आणि बूट तिथेच. अनवाणी चालायचं."

"आणि कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापले तर?"

"ती जागा मी दाखवीन. पाय सपाट टाकायचा, घसरवत. टाच आधी टेकली की गेलात."

त्यानंतर तीन महिने बाई काचघरात पाय सपाट टाकून चालत होत्या. फरशीवर. शाळेच्या मुलांसमोरसुद्धा.

त्यांची मुलगी कारिन हेर्त्सोगेनआउराख नावाच्या गावी असते, खेळाचे बूट बनवणाऱ्या कंपनीत. ती एका शनिवारी चिखलात चालायचे खास बूट घेऊन आली, टाचेला पट्टा असलेले. उंच, सोनेरी केसांची, पण कपाळ आणि हनुवटी थेट बाईंची. तिला मराठी कळतं. उत्तर जर्मनमध्ये देते. बाई आत पानं मोजत असताना तिने मला बाजूला घेतलं, आणि बहुतेक घरून पाठ करून आली असावी, मराठीत म्हणाली, "काका. आईला तिकडे काही झालं, तर?"

मी म्हटलं, "इकडे काही झालं, तर?"

ती रागावेल असं वाटलं. तिने हातातल्या बुटांच्या खोक्याचं झाकण नीट केलं. मग म्हणाली, "ती रोज रात्री त्या फाट्याचं सांगते. मी लहान असल्यापासून." हेही मराठीतच. आणि बुटांचा खोका माझ्या हातात देऊन गेली. तिकिटं तिनेच काढली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाई स्वतःच्याच दारात, ट्रामच्या थांब्याकडे निघताना, बर्फावर पडल्या. खुबा मोडला.

दवाखान्यात गेलो तर बाई भिंतीकडे तोंड करून होत्या. मी खुर्चीवर बसलो. तशाच म्हणाल्या, "टाच आधी टेकली, तांडेल."

जानेवारीचं काही काढलं नाही. मीही गेलो नाही. कारण विचारणाऱ्यांना मी सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. हौदाची भरती मात्र एक दिवस चुकवली नाही.

ऑपरेशन, मग दोन महिने व्यायामाचं हॉस्पिटल, मग चार चाकांची ढकलायची गाडी. तिला रोलाटोर म्हणतात. डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं, आणि पायऱ्यांच्या घरात एकटं राहायलाही नाही म्हटलं. कारिनने तिच्या घरी खालची खोली रिकामी केली. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सामानाची गाडी येणार असं ठरलं. त्याच्या आधीच्या गुरुवारी बाईंचा फोन आला. "किल्ली परत द्यायची आहे. सुकती किती वाजता?"

द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, म्हणजे सहा तासांनी, तिकडे दुपारी तीनला पूर्ण सुकती, पूर्ण ओहोटी, इथे साडेअकरा. "साडेअकराला या," मी म्हटलं.

त्या ट्रामने आल्या. एकट्या. रोलाटोर ढकलत काचघरात शिरल्या, हजेरी घेतली, पानं मोजली, वही मिटली. हौदातलं पाणी उतरलं होतं. काळा, ओला चिखल उघडा पडला होता. सात पावलं लांब, तीन पावलं रुंद. बाई पांढऱ्या रेघेपाशी थांबल्या. खुर्चीवर बसल्या आणि पायाने पाय रेटत बूट काढायला लागल्या.

"बाई, काय करताय?"

"वाकता येत नाही मला. मोजे काढा."

मी आजवर कोणाचे मोजे काढले नव्हते. काढले. विजारीचे पाय त्यांनी स्वतः वर ओढून गुंडाळले. पाय अगदी पांढरे, निळ्या शिरांचे.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "हा दिवस मोजायचा नाही. हे काचघर आहे. खोटं आहे हे, तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे."

मला राग आला. "चिखल खोटा नसतो," मी म्हटलं. "उतरा."

कुंडीतल्या वेलाला आधार दिलेला बांबू मी उपटून घेतला. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी हौदाच्या कडेने, त्या आत. पहिलं पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत रुतल्या. मग बांबू घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"डोळे मिटा," मी म्हटलं.

"पडेन."

"मी धरलंय. मिटा. आता आपण धक्क्यावरून उतरलोय. डाव्या हाताला मारांडी आहे, काटे लागतील, अंग चोरून घ्या."

त्यांनी खांदा आत घेतला.

"आता तिवराच्या मुळांच्या खुंट्या सुरू झाल्या. पेन्सिली रोवल्यासारख्या. मधून मधून पाय टाका. सपाट. घसरवत. हां."

सात पावलं झाली की मी बांबू हलकेच वळवायचो आणि त्या वळायच्या. पुन्हा सात. मी खाडी सांगत होतो, जशी आहे तशी, वळणागणिक. इथे निवट्या उड्या मारतात, चिखलावरचे मासे. इथे चिपी, तिची फुलं संध्याकाळी उघडतात, सकाळी पाण्यावर.

"चिपी इतक्या आत नसते," डोळे मिटूनच बाई म्हणाल्या.

"आमच्या खाडीत असते."

"पुस्तकात—"

"बाई, तुम्ही चाललात अकरा दिवस. मी साठ वर्षं. चिपी आहे."

"जा, जा. असेल. पुढे."

"थांबा. पायाखाली खेकड्याचं बीळ आहे."

त्यांनी पाय उचलला आणि जरा उजवीकडे ठेवला. मग मी म्हटलं, "आता फाटा आला. आत वळणारा. इथून कांदळ दाट आहे, मुळांच्या कमानी खाली आल्यात. वाकून जावं लागेल."

वर काही नव्हतं. काचेचं छप्पर, तेही बारा फुटांवर. आणि बाईंना वाकता येत नव्हतं. मोजेसुद्धा मी काढले होते. पण बाई वाकल्या. मान खाली, पाठ खाली, बांबू घट्ट, तोंडातून दुखल्याचा आवाज, आणि तशाच चार पावलं गेल्या. मग सावकाश सरळ झाल्या.

"आत काय आहे?" त्यांनी विचारलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता, हे मी वाढवून लिहीत नाही.

मी सांगितलं. आत सावली आहे. पाणी तळाशी जेमतेम वीतभर, गार. कांदळाच्या शेंगा डोक्याला लागतात. एक खंड्या बसलाय, उडत नाही, त्याला माणसाची सवय नाही. चिखल इतका मऊ की पाय काढताना आवाज होतो. होत होता. तो आवाज खरोखर येत होता. आम्ही फाट्यात किती चाललो माहीत नाही. पाण्याची वेळ होत आली होती, पंप एकदा खाकरला.

"पुढे?" बाई म्हणाल्या.

"पुढे फाटा संपतो. खाडीचं तोंड. समोर समुद्र."

बाई थांबल्या. डोळे मिटलेलेच. "मग जरा उभे राहू," म्हणाल्या.

उभे राहिलो. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत चढलं, तेव्हा मी त्यांना कडेला ओढून घेतलं.

मी नळाची नळी आणि टॉवेल आणला. बाई म्हणाल्या, "राहू दे." तसेच चिखलाचे पाय त्यांनी बुटांत सरकवले, मोजे एप्रनच्या खिशात घातले. एप्रन काढून खिळ्याला लावला, तेव्हा मोजे त्यातच राहिले. मी सांगितलं नाही. किल्ली माझ्या हातावर ठेवली. न मागता एक आल्याची गोळीही.

थांब्यापर्यंत मी बरोबर गेलो. ट्राम आली. एका तरुणाने रोलाटोर वर चढवून दिला, बाई खिडकीशी बसल्या. विजारीचे पाय अजून गुंडाळलेले. गुडघ्याखाली काळा, ओला चिखल, बुटांतून खाली ओघळत ट्रामच्या स्वच्छ फरशीवर. समोरच्या बाईने ते पाहिलं, नाक मुरडलं, आणि मग पर्समधून कागदी रुमाल काढून पुढे केला. नलिनीबाईंनी मान हलवून नको म्हटलं. दोन्ही हात गुडघ्यांभोवती धरले, कोणी पुसून नेईल म्हणून लपवावं तसे.

दारं मिटली. मी हात वर केला होता. बाईंचं लक्ष नव्हतं. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून त्या खाली, स्वतःच्या पायाकडे बघत होत्या.